वापरात असलेली डबी

चिरंजीव धाकटीस,

थोरल्या काकांचा आशीर्वाद. येथील प्रकृतिमान ठीक आहे. जिना चढताना माझा गुडघा बोलतो. तो माझ्यापेक्षा कमी बोलतो, असे तुझ्या काकूचे मत. तुझी पाठ आता कशी आहे?

तुझी हार्ड डिस्क (काकू तिला 'डबी' म्हणते, निषेध नोंदवून मीही तेच म्हणतो) शनिवारपर्यंत हवी, असे तू तिसऱ्यांदा कळवलेस. तुझ्या वडिलांच्या साऱ्या छायाचित्रांची ती एकमेव प्रत आहे, हे मी विसरलेलो नाही. तो जसा तुझा बाप, तसा माझा पाठचा भाऊ. मथळे लिहिण्यासाठी तू ती माझ्याकडे सोपवलीस आणि चारशे बारा मथळे मी सोमवारीच हातावेगळे केले. तरीही डबी अद्याप संगणकालाच चिकटलेली आहे, त्याचे कारण असे. 'सुरक्षितपणे काढा' यावर मी टिचकी मारली, तर उत्तर आले की हे उपकरण वापरात आहे. कोणाच्या? (लिहिणाऱ्याला कर्ता लिहिण्याचाही कंटाळा!) खोलीत तर मी एकटाच. राग येण्याऐवजी मला विलक्षण कुतूहल वाटले. छायाचित्रांची खिडकी मिटली, गाण्यांची मिटली, बुद्धिबळाचा जिंकत आलेला डाव सोडला (हे पत्र तेवढे उघडे ठेवले, ते डबीसोबत धाडायचे होते), तरी उत्तर तेच. डबीला कान लावला, तर आत कोणीतरी बारीक कुरकुरत होते. हात लावला, तर ती कोमट!

खालच्या मजल्यावरचा मोबाइल दुरुस्त करणारा येऊन म्हणाला, "आजोबा, खेचा हो बिनधास्त! मी रोज दहा खेचतो."

"आणि त्यांतल्या किती जगतात?"

तो बोटांवर मोजू लागला, तेव्हा मी त्याला चहा पाजून वाटेला लावले. "अहो, मग संगणकच बंद करा ना!" असे काकूने सुचवले, परंतु झोपलेल्याच्या उशाखालून किल्ली काढणे, याला मी परवानगी म्हणत नाही. चार दिवस संगणक सुरू आहे, मी दर तासाला विचारतो आणि नकार ऐकून घेतो. आत कोण आहे, हे कळल्यावाचून मी भावाला ओढून काढणार नाही.

तुझा,
थोरला काका

ता. क. काकूने आत्ता खांद्यावरून डोकावून विचारले, "हे पत्र कुठे साठवताय?" डबीत. सोमवारपासून.

ता. क. २ (ही ओळ हाताने लिहीत आहे.) पत्र छापून मिटले आणि परवानगी तत्काळ मिळाली. डबी काढून रुमालात गुंडाळलीही. मग काकू म्हणाली, सायकलच्या दांडीवर तुला बसवलेला तो फोटो एकदा दाखवा. त्या मथळ्यात मी 'सायकल कोणाची, अज्ञात' असे लिहिले आहे आणि ते मला सहन होत नाही. तुला आठवत असेल. तेव्हा शनिवारी तू स्वतः ये. कुरियरवाल्याला पाठवलेस, तर त्याला रिकाम्या हातांनी परतावे लागेल. डबी पुन्हा वापरात आहे.