बाईंना सिनेमा कोणी सांगावा याची व्यवस्था

मी, साईनाथ महिपत गावडे, वय सत्तावीस, धंदा पडदा, प्रोजेक्टर व स्पीकर भाड्याने देणे, राहणार दिवा पूर्व, आज पूर्ण शुद्धीत, न पिता, कोणाच्याही धाकाखाली नसताना आणि सकाळचा चहा घेऊन झाल्यावर, माझ्या मागे काय कोणाचे व्हावे हे लिहून ठेवत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. तशी वेळ आली नव्हती.

आता आली आहे. उद्या कल्याणला माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "अरे, साधं ऑपरेशन आहे, परवा घरी जाशील." परंतु कागदावर त्यांनी माझी सही घेतली, आणि त्या कागदात 'साधं' हा शब्द कुठेही नव्हता. मी दोनदा वाचला.

'पूर्ण शुद्धीत' या शब्दांना माझा मित्र धनेश याने हरकत घेतली आहे. तो म्हणाला, "हे लिहू नको, कोर्टात टिकणार नाही. जो माणूस दर रविवारी स्वखुशीने पडद्यावर बर्फात चालणारा पाद्री बघतो, त्याला शुद्धीत कोण म्हणेल?" हरकत नोंदवली. फेटाळली.

कलम १. घर. दिव्यातील खोली बाबांच्या नावावर आहे, म्हणून मला ती देता येत नाही. पाण्याचा निळा मोठा ड्रम मात्र मी घेतलेला आहे. तो माझी धाकटी बहीण विनिता हिला द्यावा. त्याचे झाकण घट्ट बसत नाही, वर वीट ठेवावी लागते. वीटही तिलाच.

कलम २. बँकेत जे काही असेल ते बाबांना, म्हणजे श्री. महिपत गावडे यांना. त्यातून माझ्या तेराव्याला डीजे लावू नये. स्पीकर घरचेच आहेत म्हणून लावले, असे होण्याची शक्यता मला वाटते, म्हणून स्पष्ट लिहिले.

कलम ३. प्रोजेक्टर, पडदा, स्टँड व केबल. हे कोणाला मिळणार ते कलम ६ मध्ये आहे. आधी ते माझ्याकडून काय काम करून घेत होते ते सांगणे जरूर आहे, नाहीतर पुढचे समजणार नाही.

डोंबिवलीला श्रीमती विमलाबाई दातार राहतात. शाळेत इतिहास शिकवायच्या. त्यांच्या यजमानांनी दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात निघालेल्या सिनेमांच्या डिस्क जमवल्या होत्या, एक कपाटभर. यजमान गेले, आणि पाठोपाठ बाईंची नजर गेली. आता त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो. तरी त्यांनी मला फोन करून प्रोजेक्टर मागवला. मी विचारले, "बघणार कोण?" त्या म्हणाल्या, "तू."

पहिल्या रविवारी मी लावून दिला. पडद्यावर एक बाई खिडकीशी उभी राहिली. उभीच राहिली. मला वाटले प्रोजेक्टर हँग झाला. टेंभी नाक्याला नवरात्रात आमचा पडदा एकदा असाच अडकला होता, आणि देवीचा अर्धाच चेहरा बराच वेळ राहिला होता, लोक पाया पडत होते. मी धावत जाऊन स्विच बंद करून चालू केला. पुन्हा तीच बाई, तीच खिडकी. पुन्हा बंद केला. तिसऱ्या वेळी विमलाबाई म्हणाल्या, "अरे, तिला जरा उभी राहू दे ना!"

मग त्यांनी विचारले, "आता काय दिसतंय?"

"काही नाही, बाई."

"काही नाही म्हणजे कोणतं काही नाही?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायला मी तेव्हापासून दर रविवारी जातो. खालची इंग्रजी ओळ वाचून, मराठीत करून, शिवाय चित्रात काय आहे ते सांगायचे, असे माझे काम. माझे इंग्रजी बारावीला राहिले. पण मी प्रामाणिकपणे लिहितो की जगात माझ्या वाचनाच्या वेगाने चालणारे सिनेमे हेच आहेत. माणूस एक वाक्य बोलतो आणि समुद्राकडे बघतो. तेवढ्यात मी शब्दकोश उघडतो, शब्द सापडतो, बाईंना सांगतो, पाणी पितो, तो अजून समुद्राकडेच बघत असतो.

मी एकदा चिडून विचारले की ही माणसे बोलत का नाहीत. बाई म्हणाल्या, "त्यांच्या शहरांवर बॉम्ब पडले होते, साईनाथ. घर पडलेल्या माणसाला लगेच गाणं सुचत नाही." मला ते पटले नव्हते. नंतर आमच्या गल्लीतली एक इमारत धोकादायक ठरवून रिकामी केली, तेव्हा तिथल्या एक आजी रस्त्यात प्लास्टिकची खुर्ची हातात धरून उभ्या होत्या. बसत नव्हत्या, खाली ठेवत नव्हत्या. मी भाड्याचा टेम्पो थांबवून बघत राहिलो. मागचा रिक्षावाला ओरडला, "ए भाई, हँग झाला का?" त्या रविवारी बाईंना सांगताना मी पहिल्यांदा घाई केली नाही.

कलम ४. परशुरामशेठ, आंबिवली, यांच्याबाबत. यांच्या घरच्या हळदीला पडद्यावर नवरा-नवरीचा व्हिडिओ लावायचा होता. माझ्या हातून दुसराच, बाईंचा सिनेमा उतरवून घेतलेला पेनड्राइव्ह लागला. बर्फ, आणि बर्फात एक पाद्री चालतोय. बँजोवाले वाजवायचे थांबले. सगळा मांडव बघत राहिला. शेठच्या आई आवडाबाई पुढे बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "ह्यो कोन रं? पोरीचा मामा काय?" कोणीतरी म्हणाले, "लांबून येतोय, चालू दे." आणि मांडवाने त्याला येऊ दिले! तो झाडामागे गेला तेव्हा आवडाबाईंनी "अगो बाय" केले. माझे म्हणणे एवढेच, की लोकांना आवडत नाही हे खोटे आहे. पण परशुरामशेठ त्या दिवसापासून मला चारचौघांत 'बरफवाला' म्हणतात. माझ्या मृत्यूनंतर मी त्यांना माफ करतो, मात्र त्यांनी अंत्ययात्रेत तरी मला नावाने हाक मारावी. जिवंत राहिलो तर माफी लागू नाही.

कलम ५. धनेशला काहीही नाही. याचे कारण राग नव्हे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे मला सांगण्यात आले, आणि सहीला वेळेवर येईल असा ओळखीत तोच आहे. हे मी त्याला समजावून सांगितले.

"म्हणजे मला काहीच नाही? तुझा तो गॉगलपण नाही?"

"नाही रे. कायदा आहे."

"लहानपणापासूनचा दोस्त, आणि काय मिळालं, तर पेन!"

पेनही परत द्यायचे आहे.

कलम ६. हे मुख्य कलम आहे. बाकीची लिहिली नसती तरी चालले असते.

मला काही झाले तर बाईंना सिनेमा कोण सांगणार? मोबाइलवर बोलून दाखवणारे यंत्र मी लावून बघितले. ते म्हणाले, 'एक व्यक्ती. एक खिडकी.' बाई म्हणाल्या, "हे मला पंचनाम्यासारखं वाटतं. बंद कर." म्हणून ऑपरेशनची तारीख ठरल्यावर मी माणसे तपासायला घेतली.

पहिला धनेश. त्याने सांगितले, "बाई, माणूस चालतोय. अजून चालतोय. हा चाललाच आहे. बाई, मी सीसीटीव्हीची नोकरी केलीय, त्यात पण एवढं चालत नाहीत." बाई खूप हसल्या, पण अर्ध्या तासाने त्यांनी त्याला चहा करायला पाठवले.

दुसरी विनिता. ती उत्तम बोलते. पण तिला सिनेमातल्या विधवेची दया आली, म्हणून तिने परस्पर तिचे शेजाऱ्याशी लग्न लावले. शेजारी कारखान्यात मॅनेजर, घर वन बीएचके. बाई शेवटी म्हणाल्या, "छान होता गं. यांनी तीन वेळा दाखवला होता मला हा सिनेमा. त्यात ती नदीत उडी मारते." विनिता म्हणाली, "मला दिसली उडी, बाई. माझ्याच्याने सांगवेना."

तिसरे कोणी नव्हते. बाबांचा मी विचार केला नव्हता. मला वजन उचलायला मनाई झाल्यापासून बाबाच स्पीकर व स्टँड घेऊन माझ्याबरोबर डोंबिवलीला येतात आणि सिनेमा संपेपर्यंत दाराजवळच्या स्टुलावर बसतात. मला वाटे ते झोपतात. घरी विचारले तर म्हणत, "बरा होता. आवाज कमी होता."

कालच्या रविवारी सिनेमा मध्यावर असताना माझे दुखायला लागले. मी आत जाऊन बाईंच्या पलंगावर आडवा झालो. बाहेर सिनेमा चालू राहिला. बाईंनी सवयीने विचारले, "आता काय दिसतंय?"

मग बाबांचा आवाज आला.

"म्हातारी बटाटे सोलतेय, बाई."

"बरं."

"घरात माणसं दोनच आहेत. ती आणि सून. बटाटे दोघींपुरते सोलून झालेत." बाबा थांबले. "तिनं अजून एक घेतलाय हातात. सुनेनं बघितलं. सून काय बोलली नाही. ती पण आता सोलायला बसली."

म्हातारीचा मुलगा लढाईवर गेलेला आहे, हे मी बाईंना आधी सांगितले होते. पण तो बटाटा मला दिसला असता की नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. आई गेल्यापासून बाबांना इतके सलग बोलताना मी ऐकले नव्हते.

बाई म्हणाल्या, "महिपतराव, तुम्ही चष्मा लावता का?"

"लावतो की."

"मग तिथे मागे काय बसता? पुढे या."

स्टूल सरकल्याचा आवाज आला, आणि लगेच वीज गेली. मुलगा परत येतो की नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. बाईंना ठाऊक असावे, पण त्या सांगत नाहीत.

म्हणून मी असे ठरवतो की कलम ३ मधील सर्व वस्तू आणि दर रविवारी बाईंना सिनेमा सांगण्याचे काम बाबांना मिळावे. इंग्रजी ओळी विनिताने वाचून द्याव्यात, जशा असतील तशा, लग्ने न लावता. चित्र हलेनासे झाले तर बाबांनी आधी त्यातल्या माणसाचे डोळे बघावेत, स्विचला नंतर हात लावावा. आज सकाळी मी हे कलम बाबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "तुला काय होणार नाही. उगाच कागद घाण करू नको." मी विचारले, "पण घ्याल ना?" ते म्हणाले, "पुढच्या रविवारी चष्म्याची काच पुसून नेईन."

कलम ७. मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते, हे मला माहीत आहे. तरीही कलम ६ मी जिवंत परत आलो तरी लागू राहावे, अशी माझी इच्छा आहे. तसे झाल्यास उरलेला अर्धा सिनेमा बाबांनीच सांगावा. मी बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर डोळे मिटून बसेन, आणि मुलगा येतो की नाही ते मला बाबांकडून ऐकायचे आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा तपासला, आणि साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

ठिकाण: दिवा
दिनांक: १० फेब्रुवारी २०२५

(सही) साईनाथ महिपत गावडे

साक्षीदार:
१. (सही) धनेश अनंत भोईर, राहणार दिवा. साईनाथ शुद्धीत आहे. हरकत मागे घेतली. रविवारी मी पण येतोय, चहा मी करीन.
२. (सही) राजरत्न कांबळे, झेरॉक्सचे दुकान, दिवा स्टेशन रोड. कागद वाचला. मुलगा आला की मलाही कळवणे.