निर्गुडी आणि तीन किलो तांदूळ

प्रिय रुचिरा,

फोनवर मी कंबरेचं नाव काढलं की तू मला पुढे बोलूच देत नाहीस, म्हणून निलेशरावांच्या हाती हे पत्र. पूर्ण वाच. त्यांनीही वाचलं तरी माझं काही जात नाही.

बाळंतपणाला घाटकोपरला यायचं नाही, मुलुंडलाच बाई ठेवायची, असं तुम्ही दोघांनी ठरवून टाकलंत. कारण काय, तर आईची कंबर! अगं, कंबर माझी आहे ना? मग तिला काय झेपतं ते मला विचारायचं की नाही?

तर ऐक. कुंपणाजवळची निर्गुडी सोसायटीने दोनदा छाटली, मेली दोन्ही वेळा फुटली. तिचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधते आणि तुझे बाबा शेकून देतात. आधी वासाला नाक मुरडायचे, आता स्वतः तोडून आणतात. झोपताना तिळाच्या तेलाचा हात आणि वर एरंडाचं पान. बरी झाले असं म्हणत नाही. दुखतंच. पण उठताना आई गं, आई गं करायचे, ते थांबलंय. हाडांच्या डॉक्टरांनाही दाखवलं. म्हणाले, पाल्याने शेका हवं तर, पण व्यायाम सोडू नका, जड उचलू नका. नाहीच उचलत. बाळ काय गॅसचा सिलेंडर आहे?

आणि हसू नकोस, पण महिनाभर मी तीन किलो तांदूळ दुपट्यात गुंडाळून कोरडी आंघोळ घालतेय. भिंतीला पाठ, खाली बुटकं स्टूल, पाय लांब, पायांवर तांदूळ. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत वाट लागली. आता अर्धा तास बसते. बाबा विचारतात, नातवाचं नाव आंबेमोहर ठेवायचं का?

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. जिन्यावरून पडून कंबर गेली, हे खोटं. तुझ्या वेळी माझ्या आईची कंबर धरली होती. मीही तुझ्यासारखाच शहाणपणा केला, तुला त्रास नको, मी इथेच राहते असं कळवलं. ती बरं म्हणाली. नवव्या दिवशी चाळीच्या नळावरून हंडा उचलला, तेव्हा जे लचकलं ते आजतागायत. दुखण्याची सवय झाली गं, पण तिच्या त्या बरं म्हणण्याचा राग अजून जात नाही. म्हणून हे पत्र. तू हजार वेळा नको म्हण, मी बरं म्हणणार नाही. सातवा संपला की बॅग भर, नाहीतर तांदूळ घेऊन मीच मुलुंडला येते.

तुझीच हट्टी,
आई