प्रश्नावली क्रमांक सतरा

॥ श्री ॥
कोल्हापूर, ता. ६-८-९८

ती. अप्पांस,
पवित्राचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. वसतिगृहातली आमटी अजून पाणीच आहे, त्यामुळे अव्वाची आठवण दिवसातून दोनदा येते.

आमच्या सरांनी दहशतवाद आणि सुरक्षा या विषयावर संशोधन काढलंय आणि बी.ए.च्या एका विद्यार्थ्याला त्यात घेणार आहेत. पुढे दिल्लीलाही पाठवतील. स्फोटात माणूस गेलेल्या घराची मुलाखत जो आणेल, त्याला जागा. वर्गात असं घर माझ्या एकटीचं. हे कळल्यावर मला आनंद झाला, त्याची लाज वाटते.

सोमशेखरअण्णा मुंबईच्या स्फोटात गेल्यापासून पाच वर्षं अव्वा त्याचं नाव काढत नाही, ठाऊक आहे. तरी प्रश्नावली आजच वेगळ्या पाकिटातून पाठवते. रागावू नका. लोभ आहेच, तो या वेळी जरा जास्त असावा.

आपली,
पवित्रा

॥ श्री ॥
चंदगड, ता. १४-८-९८

चि. पवित्रास अनेक आशीर्वाद.

पावसाने एस.टी. बंद होती. तुझं पत्र काल मिळालं, पाकीट मात्र त्याआधीच मंगळवारी आलं. मी भाताच्या बांधावर होतो. अव्वाला वाचता येत नाही, पण माथ्यावरचं श्री ती ओळखते. तुझ्या छापील कागदावर वर नुसता सतराचा आकडा. श्री नाही म्हणजे मरणाचा कागद, आणि पोस्टमनने कोल्हापूरचा म्हणून सांगितलेला. आईच ती, तिने हंबरडा फोडला. मी येऊन वाचेपर्यंत तासभर तू गेली होतीस, पोरी. दिल्लीला निघालेल्या मुलीला एवढं कळू नये?

मी कागद चुलीत घालणार होतो. अव्वाने हात धरला. म्हणाली, पोर जिती हाय न्हवं, मग तिचं काम करू की. आणि बोलली.

अण्णा गेल्याचं त्याच्या दुकानमालकाने ज्या पत्रातून कळवलं, त्यावर श्री होतं. सवयीने लिहिलं असेल. लेकाची काही चांगली बातमी म्हणून अव्वाने ते देवापुढे ठेवलं आणि गोडाचे कडबू केले. संध्याकाळी बेळगावहून येऊन मी आधी जेवलो, मग पत्र वाचलं. त्या दिवशी कडबू का केले होते, हे मी पाच वर्षांत विचारलं नव्हतं.

तिचं बोलणं जसंच्या तसं लिहून सोबत धाडलंय. जपून राहा.

तुझा,
अप्पा

॥ श्री ॥
कोल्हापूर, ता. ३१-८-९८

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

चुकले. अव्वाचे पाय धरते. जागा मला मिळाली.

सरांनी अव्वाचं सांगणं वर्गात मोठ्याने वाचलं. नाव नव्हतं, फक्त क्रमांक सतरा. कडबूंपाशी दोन मुलं हसली. मी कागद परत मागितला, तर सर म्हणाले, तो आता विभागाचा झाला. दिल्लीला जाऊ की नको? मला काही सुचत नाही. माया पातळ होऊ देऊ नका.

पवित्रा

॥ श्री ॥
चंदगड, ता. ८-९-९८

चि. पवित्रास अनेक आशीर्वाद.

जा. अव्वाही जा म्हणते.

तुझं पत्र तिला वाचून दाखवताना मुलांचं हसणं मी गाळलं. तिने लगेच विचारलं, कडबूंचं वाचलं तवा पोरं रडली का? मी हो म्हटलं. तीन दिवस शेजारच्या बयाबाईला ती तेच सांगते आहे, की कोल्हापुरात कॉलेजची पोरं तिच्या सोमूसाठी रडली. काल तिने स्वतःहून त्याचं नाव घेतलं.

सुट्टीत आलीस की तुलाही विचारेल. तूही हो म्हण.

तुझा,
अप्पा