भिकाजीच्या ओटीसमोरची जागा

मी, महिपत सखाराम गोरिवले, वय सुमारे बावन्न, धंदा पूर्वी आगबोटीवर खलाशी, हल्ली शेती, राहणार मौजे बुरोंडी, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्या भिडेस न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डॉक्टरांनी छाती तपासून फी घेतली नाही, तेव्हाच मी काय ते समजलो.

राहते घर, परसातले माड व भाताची जमीन माझी बायको गोदा हिची. जन्मभर माझ्याशी भांडताना तिने एकदाही माघार घेतली नाही, म्हणून तीच हे सांभाळील.

खलाशीपेटी व पितळी कंदील पुतण्या सदू यास द्यावा. चुलतभाऊ रामा याने पेटीस हात लावू नये. माझ्या लग्नात तो रुसून बसला, तो अजून उठलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. भिकाजी केरू मांडवकर याच्या ओटीसमोर माझी मोकळी जागा आहे. त्याच्या नव्या माडीला गाडीवाट नाही, म्हणून तो ती दरसाल मागतो. ती त्याला कोणत्याही भावाने देऊ नये. कारण लिहितो.

मी, भिकाजी आणि काशीराम एका वर्गात होतो. शनिवारी वर्ग शेणाने सारवायचा, तेव्हा काशीराम सारवता सारवता पाढ्यांना चाली लावी. तसे हसू मला पुढे कुठल्या बंदरात आले नाही. शिमग्याच्या सुट्टीत आम्ही खिडकीचा गज काढून वर्गात शिरलो. काशीराम आईच्या लुगड्याचे पागोटे बांधून गुरुजी झाला, आणि चुलीतली राख तपकीर म्हणून ओढून शिंकत सुटला. सगळ्यांत मोठ्याने भिकाजी हसला. शाळा उघडताच त्यानेच गुरुजींना सांगितले.

शिमग्यातल्या सोंगाचा राग धरायचा नाही, ही आमची रीत. गुरुजी घाटावरून नवे आलेले, त्यांना ती ठाऊक नव्हती. भिकाजीला होती. काशीरामला वेताने फोडून काढले. त्या दिवशी तो मला म्हणाला, "शिमग्याचा सोंग व्हता ना रं, मग मला कशाला मारलान?" बापाने त्याला शाळेतून काढून मुंबईला गिरणीत चिकटवले. तिथेच तो प्लेगात गेला. भिकाजी त्या वर्षी वर्गाचा मॉनिटर झाला. मी त्याला क्षमा केलेली नाही, करणारही नाही.

म्हणून ती जागा गावातल्या शाळकरी मुलांना सुट्टीत खेळण्यासाठी कायमची दिली आहे. अट एकच. दर शिमग्याला मुलांनी तिथे पहिले सोंग चुगलखोर मॉनिटरचे आणावे व भिकाजीच्या ओटीवर जाऊन पोस्त, म्हणजे सोंगाची बक्षिसी, मागावे. रीतीप्रमाणे त्याला ते द्यावे लागेल, आणि रागावता येणार नाही. तो गेल्यावर त्याच्या मुलाकडे मागावे.

सदू म्हणतो, मरणाबरोबर वैर संपते. माझे संपेल. जागेचे संपायचे काही कारण नाही.

व्यवस्था सदूने पाहावी. दुसरी साक्ष भिकाजीची घेत आहे. साक्षीदाराने माझी सही पाहिली म्हणजे पुरे, मजकूर वाचावा लागत नाही, असे वकिलांनी सांगितले आहे. जागेचा कागद होतो आहे एवढे कानावर गेल्यामुळे तो सकाळपासून माझ्या ओटीवर बसून आहे आणि माझ्या प्रकृतीची फार आपुलकीने चौकशी करीत आहे.

मुक्काम बुरोंडी, तारीख २ फेब्रुवारी १९३६

महिपत सखाराम गोरिवले, सही दस्तुर खुद्द

साक्ष :
१. भागोजी बाळा शिगवण, निशाणी डाव्या हाताचा अंगठा
२. भिकाजी केरू मांडवकर, सही दस्तुर खुद्द, आनंदाने