कोक-सायच्या डोक्यावरचं तळं

बिश्केक, ८ जून

ती. अपास,
आई, तुझ्या एकुलत्या लेकीचा शि. सा. न.

आमच्या कंपनीचा उपग्रह गिऱ्हाइकांसाठी शेतं नि खाणी टिपत फिरतो. परवा एका खाणीच्या चित्राच्या कडेला आपलं कोक-सायचं कुरण आलं. कौतुकानं बघायला गेले, तर तोंडचं पाणी पळालं. कुरणाच्या डोक्यावर, हिमनदीच्या पायथ्याचं तळं गेल्या वर्षीच्या दुप्पट फुगलंय. त्याला बांध कसला, नुसता बर्फ आणि गोटे. फुटलं तर सगळं थेट तुझ्या तंबूवर. तालुक्याला कळवलंय, माणूस पाठवतो म्हणाले. तू त्याची वाट बघू नकोस. वरच्या टेकाडावर जा. तुमच्याकडे फोन लागत नाही म्हणून दुधाच्या गाडीबरोबर चित्र धाडतेय.

लोभ आहेच, या खेपेला थोडं ऐकणंही असावं.
तुझी बुरुल

कोक-साय, ११ जून

चि. बुरुलला अपाचे पोटभर आशीर्वाद.

चित्र उलटंसुलटं धरून पाहिलं. कुणी घोडीच्या दुधाचं कुमिस सांडल्यासारखं दिसलं. शेजारचा सुयुन म्हणतो, पोरगी आभाळातून आपल्यावर पाळत ठेवते, तर तिथूनच स्वतःसाठी नवरा का नाही हुडकत? तांबडी घोडी विण्याच्या बेतात आहे. तिला घेऊन तो चढ कसा चढू? तुझा उपग्रह तिचं बाळंतपण करणार का?

जीव जाळू नकोस. जेवत जा. माया आहे तशीच राहू दे.
अपा

बिश्केक, १४ जून

ती. अपास, सा. न.

साहेबांची मनधरणी करून आज उपग्रह मुद्दाम कोक-सायकडे वळवून घेतला. गिऱ्हाईक कोण, विचारत होते. म्हटलं, माझी आई. नवं चित्र सोबत आहे, तळं कडेनं पाझरायला लागलंय. अपा, बाबांच्या मागे मला तूच आहेस. घोडीसकट ऊठ, नाहीतर घोडी सोडून ऊठ, पण ऊठ.

बुरुल

टेकाडावरून, १८ जून

चि. बुरुल,
आशीर्वाद नंतर. आधी हे वाच, आम्ही सगळे सुखरूप आहोत.

चित्र याही वेळी कळलं नाही. पण शेवटच्या ‘ऊठ’पाशी पेनानं कागद फाटला होता, ते कळलं. तशीच उठले. सुयुन हसायला लागला. त्याला म्हटलं, हस बाबा, पण वर येऊन हस. मी घोडीला पुढून ओढतेय, तो मागून ढकलतोय, आणि अर्ध्या चढावर बाईसाहेब व्याल्या! शिंगरू गोधडीत गुंडाळून सुयुननं खांद्यावर आणलं.

काल दुपारी डोंगर गुरगुरला. पाणी कसलं, नुसता चिखल आणि घराएवढाले दगड. कुरण गेलं, तंबू गेला. सुयुन लहान पोरासारखा रडला. मी त्याला चहा दिला, आणि मग मीही रडून घेतलं.

नव्या चित्रात आपला तंबू दिसणार नाही. तुझ्या छातीत धस्स होईल. रस्ता वाहून गेलाय, म्हणून सुयुनलाच घोड्यावर बसवून पत्र धाडतेय. आम्ही झाडांखाली ताडपत्री ताणून राहिलोय. वरून दिसणार नाही, पण आहोत.

तुझी अपा