बंडीखालच्या मुनीमाले

प्रिय मुनीम,

माहा घसा बसला आहे. पार बसला. नाई तं हे सगळं मी तुले तोंडानंच सांगितलं असतं. घसा काऊन बसला ते पुढे सांगतो, पयले खबर ऐक. आपला हिऱ्या आज अकोल्याले आला! कापसानं भरलेली बंडी ओढत आला, अन् आता मोर्णा नदीच्या काठाले असा कडबा खाऊन रायला, जसं मधात काई झालंच नाई.

तू म्हणशीन, यात नवल काय? हिऱ्या तं नेहमीच अकोल्याले जाये. जाये ना बाबा, पण तू होता तवा. संक्रांतीच्या आगेमागे तू गेला अन् त्या दिवसापासून ह्या बैलानं आपल्या गावाबाहेरचा नाला ओलांडला नाई. उद्या त्याले इकून टाकायचं ठरलं होतं. हिऱ्याले, मुनीम! तुह्या हिऱ्याले! अन् आज सकाळी जे झालं, ते तुले सांगतल्याबिगर माह्या घशाखाली घास उतरून नाई रायला.

मागच्या बंडीचा आपला रहीमभाई जुन्या शहरातून कागद अन् बोरू घेऊन आला. "किसको लिख रहा रे?" म्हणे. मी म्हटलं, मुनीमले. मले वाटलं, आता हा हासते. तो बाजूले बसला, चिलीम भरली अन् म्हणे, "मेरा भी सलाम लिख." तं हा घे त्याचा सलाम. लहानपणी पंतोजीच्या छड्या खाल्ल्या, त्या आज कामी आल्या पाय.

तुहं नाव मी मोत्या ठेवलं होतं, आठवते का तुले? ते नाव अमरावतीच्या कापसाच्या बाजारातच रायलं. काय गर्दी होती त्या दिवशी! जिकडे पाहा तिकडे बंड्या, बैलं, धुरळा, अन् सगळ्याईच्या केसात कापूस. मी अडत्याले शोधाले गेलो अन् तुले म्हटलं, बस येथी. परत येऊन पायतो तं तू बोऱ्यापाशी पाठ ताठ करून बसेल. भुंकणं नाई, गुरगुरणं नाई. कोणी बोऱ्यात हात घातला का तू फक्त उभा राये अन् त्याच्या तोंडाकडे पाहे. बस, तेवढ्यात त्याचा हात बाहेर. रहीमभाई पोट धरून हासला. "ये कुत्ता नहीं, ये तो मुनीम है," म्हणे. तवापासून रस्त्यावरचे सगळे तुले मुनीमच म्हणत. अडत्या बी पयले तुले इचारे अन् मंग मले.

दिवसच तसे आले होते. साता समुद्रापलीकडे कोण्या मुलखात लढाई लागली म्हणते, अन् येथी आपल्या काळ्या मातीतल्या बोंडाले सोन्याचा भाव आला. लोकं बैलाच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या घालून रायले होते. मी म्हटलं, आपण बी हिऱ्याले घालू. माही बायको गोदा म्हणे, "अवो, बायकोच्या पायात तोडे नाईत अन् बैलाच्या शिंगाले चांदी?" मंग तिले तोडे केले. हिऱ्याले लाल गोंडे आणले. तुले काय मिळालं, तं पितळेचं एक घुंगरू! पण त्याची बी तुले लाज. असा जपून चाले का वाजूच नये.

घर कापसानं आढ्यापर्यंत भरलं होतं. आमी दोघं कापसावरच झोपो. तुले किती बलावलं, पण तू उंबऱ्याच्या आत पाय नाई टाकला. अंगाले गोखरू चिकटलेले असत, ते कापसात गेले तं गोदा बोंबलन, हे तुले कसं समजे गा? मले तं चाळीस वर्सं होऊन नाई समजलं. ती संध्याकाळी तुह्या अंगातले काटे काढत बसे अन् शिव्या मले देये.

अन् गोदाले अंबादेवीच्या दर्शनाले नेलं होतं तवाची गोष्ट! आमी आत गेलो, तुले म्हटलं जोडे सांभाळ. बाहेर येऊन पायतो तं लोकं दूर उभे. तू सगळ्या गावाचे जोडे सांभाळून रायला होता. एक म्हातारी म्हणे, "बाप्पा, माह्या वाहाना देतं का?" तू उठला, बाजूले सरला, तिनं वाहाना घेतल्या, अन् तू पुन्हा आमच्या जोड्यापाशी येऊन बसला. गोदानं तवाच ठरवलं, घरातली पयली भाकर तुही. मले दुसरी. मी काई म्हटलं का? नाई म्हटलं.

येताना बडनेऱ्यापाशी मातीचा लांबलचक भराव टाकून रायले होते. लोखंडी रस्ता येणार, आगीची गाडी येणार, बैलाबिगर चालणार, असं तेथचे लोकं सांगत. मी खाली वाकून तुले इचारलं, काबे मुनीम, तिच्या खाली चालशीन का? तू वर पाहलं अन् हिऱ्याकडे सरकला. मले जवाब भेटला.

तुही जागा ठरेल होती. आखाच्या खाली, दोन चाकाच्या मधात. ऊन फिरलं का तू सावलीसंगं सरके, पण बंडीच्या बाहेर येये नाई. अन् माहं तोंड चालूच. नाला आला का म्हणो, "मुनीम, उतर आला, मधात राय." चढ आला का म्हणो, "मुनीम, चढ आला, दमानं चाल." मधल्या वेळात सगळ्या गावाची चुगली. कोणाच्या विहिरीले पाणी लागलं, कोणाची सोयरीक मोडली, गोदा सकाळी काय बोल्ली. बोलून बोलून तुहे कान नाई दुखले का गा? रहीमभाई मांगून वरडे, "अरे सखाराम, कुत्ते को तो सोने दे!"

अन् मंग तू गेला. गेला बी कसा, कोणाले तरास न देता. बंडी आंगणात सोडून ठेवेल होती. तिच्याच खाली, आपल्या जाग्यावर निजला, तो निजलाच. म्हातारा झाला होता तू, मले मालूम होतं. पण मले नाई तं नाई, हिऱ्याले तं सांगून जायचं होतं! वासरू होता तवापासून तो तुह्या अंगाले अंग लावून निजे. त्या दिवशी त्यानं दावं तोडलं अन् बंडीपाशी येऊन उभा रायला. गोदा ओसरीत बसून रडली. मी वावरात जाऊन रडलो.

मंग बंडी जुपली, तं हिऱ्या नाल्यापाशी उभाच. जोडीचा सोन्या ओढून रायला, हा पाय रोवून उभा. दुसऱ्या खेपेले तसंच. तिसऱ्या खेपेले तसंच. गूळ देल्ला, खाल्ला, उभा. धनगराचं कुत्रं मागून आणलं अन् बंडीखाली बांधलं. त्यानं सोन्याच्या पायाले चावा घेतला अन् आमी सगळे नाल्यात! तुहं घुंगरू आखाले बांधलं, वाजवलं. हिऱ्यानं मान वळवून पाहलं, खाली कोणीच नाई, अन् तो पुन्हा उभा. त्या दिवशी मले त्याच्याकडे पाहवलं नाई.

कापूस घरात पडून. गावातले सगळे इकून मोकळे झाले, आपला तसाच. कारंज्याकडचा एक दलाल आला. बैलाले आता लय मागणी आहे, भाड्याच्या बंड्या दिवसरात चालतेत ना. हिऱ्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणे, "देऊन टाका. दोन दिवसात चाबकानं सरळ करतो." ह्या हिऱ्याले आपण कधी काठी लावली का मुनीम? गोदा आत उठून गेली. पण घरातल्या कापसाचं काय, हा सवाल तिले बी होता अन् मले बी होता. मी दलालाले म्हटलं, परवा या. गोदा मले म्हणे, "अवो, एक डाव आखरीचा पाहा. आला तं आला."

तो आखरीचा डाव आज सकाळचा. गोदानं हिऱ्याच्या कपाळाले हळद लावली. आमी निंघालो. मांगं रहीमभाईची बंडी. नाला आला. हिऱ्या उभा.

मी बी बसून रायलो. काय करू? हातात कासरा, अन् डोळ्यापुढे तो दलाल. कसं झालं मालूम नाई, पण जुनी सवय, मी खाली वाकलो. आखाखाली रिकामी सावली होती. अन् माह्या तोंडातून निंघून गेलं, "मुनीम, उतर आला, मधात राय."

हिऱ्याचा कान फिरला. मुनीम, देवाशपथ सांगतो, कान फिरला अन् पाय उचलला! एक पाय, दुसरा पाय. बंडी नाल्यात उतरली. मी त्याचे पाय पाहत रायलो, पुढचं बोलाचं इसरलो. मी गप झालो अन् तो पाण्यात उभा!

रहीमभाई मांगून वरडला, "अबे चुप काऊन बसला? बोल! बोल मुनीम से! तू बोलता तो ये चलता!"

तवा मले समजलं. तू गेल्यापासून मी रस्त्यानं एक शब्द बोल्लो नव्हतो. बोलू कोणाशी? आखाखाली कोणी असे म्हणून तोंड चाले. ह्या बैलानं जल्मभर माही बडबड ऐकली अन् त्याले वाटे, बंडी अशीच चालते. वर सखाराम बोलते, खाली मुनीम ऐकते, अन् मधात आपण ओढायचं. मी मुका झालो, मंग त्यानं काऊन चालावं?

मंग काय, बोल्लो! नाल्यापासून अकोल्यापर्यंत बोल्लो! दोन महिन्याचं साचलेलं सगळं तुले सांगितलं. पाटलाच्या विहिरीले पाणी लागलं. गोदाचा एक तोडा सैल झाला. धनगराच्या कुत्र्यानं आता धनगरालेच चावलं. लय आठवण येते तुही, हे बी सांगितलं, मोठ्यानं, भर रस्त्यात. समोरून येणारे बंडीवाले खाली वाकून पाहत, कोण आहे म्हणून. कोणीच दिसे नाई, मंग माह्या तोंडाकडे पाहत. म्हणू दे येडा. हिऱ्या चालून रायला होता, गोंडे हालवत. घसा कोरडा पडला तवा रहीमभाईनं सुराही देल्ली अन् मी प्यालो तेवढा वेळ तोच तुह्याशी बोल्ला. हिऱ्या त्याच्या बोलण्यावर बी चालला, पण जरा नाराजीनं.

आता घरी जाईन तं गोदाले सांगीन. दलाल आला तं त्याले पाणी पाजीन अन् हात जोडीन, हिऱ्या इकायचा नाई. पुढच्या आठवड्यात रायलेला कापूस घेऊन अमरावतीले जायचं आहे. लांबचा रस्ता आहे, मधात नाले मोप आहेत. घसा तवापर्यंत उघडते. तुले वचन देतो मुनीम, जोपर्यंत हिऱ्याच्या मानेवर जू आहे, तोपर्यंत माहं तोंड बंद होणार नाई. उतर आला का मी सांगीन.

तू फक्त मधात राय.

तुहाच,
बंडीवरचा सखाराम