भाऊजींच्या मशीनची बायोस फाईल

३ फेब्रु.
ताईची मुलगी प्रणाली शिरपूरहून मंगरूळला आली, माझ्या दुरुस्तीच्या दुकानात. पिशवीत भाऊजींचा जुना गेम कन्सोल, टॉवेलात गुंडाळलेला. कॉलेजचा प्रोजेक्ट: कॉम्प्युटरवर कन्सोलची नक्कल चालवायची, पण कायद्यात बसवून. नक्कल करणारा प्रोग्राम रीतसर मिळतो; मशीन सुरू करणारी बायोस फाईल मात्र कंपनीची. ती आपल्याच मशीनमधून काढायची. नेटवरून उतरवली तर प्रोजेक्ट बाद, असं सरांनी बजावलंय. त्यावर माझं व्याख्यान वेगळं.
प्र. म्हणे, "मामा, मेमरी कार्डावर छोटा प्रोग्राम टाकला तरी निघते म्हनतात."
म्हटलं, ते हौशी लोकांचं काम. मी चिप काढून रीडरवर वाचतो.

५ फेब्रु.
चिप गेली. गरम हवा जास्त लागली. चिपचे पाय बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांसकट उचलले गेले. रीडर काहीच वाचत नाही. आधी भंगार बोर्डावर हात बसवायचा, हा नियम माझाच. या वेळी गरज वाटली नाही.

६ फेब्रु.
नेटवरून उतरवली. पेन ड्राइव्हवर दिली.
"निघाली, मामा?"
"मंग! मामा कोनाचा हाय?"
असं म्हणालो मी. हसतसुद्धा होतो. चिप होती तशी चिकटवून झाकण लावलं. सांगितलं, मशीन आता लावू नका, सप्लाय कमजोर झालाय.

११ फेब्रु.
प्र.चा फोन. "मामा, चेकसम तर अमेरिकेच्या मॉडेलचा येऊन राह्यला. आपल्या मशीनखाली युरोपचा नंबर हाय. माझं काही चुकलं का?"
चेकसम, म्हणजे फाईलची ओळख पटवणारा आकडा, जुळवल्याशिवाय फाईलवर विश्वास ठेवायचा नाही, हे तिला मीच शिकवलं. आणि मी पहिली दिसली ती घेतली.
बोललो, "बोर्ड आधीच कोनी बदलला असन. बाबाले विचार."
काय गरज होती

१२ फेब्रु.
भाऊजी स्वतः मंगरूळला. दुकानाच्या दारातूनच, "काहून बे, मले जुना माल देला म्हनतं का? नोकरी लागली तवा अकोल्याहून सीलबंद आनली होती मी!"
मी स्टूल पुढे सरकवला. मग त्यांचाच आवाज उतरला. "का फसवलंच असन त्या दुकानदारानं मले? इतके वर्स शोकेसमधी मिरवली."
चहा मागवला. प्याले. जाताना म्हणाले, तू होता म्हनून समजलं तरी.


१५ फेब्रु.
प्र.ने प्रोजेक्टसाठी केलेल्या तक्त्याचा फोटो पाठवला. "ही फाईल माझ्या मामांनी आमच्याच मशीनमधून काढली." खाली, "मशीनचा बोर्ड पूर्वी बदललेला आहे." आणि मला निरोप: उद्या सरांसमोर मशीन खोलून बोर्डच दाखवते, म्हनजे कोनी शंका घेनार नाही.
मोबाईल पालथा ठेवला. फोन करायला हवा होता. तीनदा नंबर काढला. फोनवर नाही जमणार. तोंडानं, समोर.

१६ फेब्रु.
वाशीम. कॉलेजच्या फाटकाशी, बाकावर लिहितोय. प्र.ला बाहेर बोलावलंय. आधी ती चिप, मग भाऊजींचं सांगायचं. नाही, आधी भाऊजींचं. त्यांनी तर काहीच... ती तक्ता काढेल, प्रोजेक्ट जाईल. नाही काढला तर खोटं तिच्या नावावर.
आली. पायऱ्या उतरते आहे, हात हलवते. "सर, हेच माझे मामा!" ओरडते आहे.
सरांना सोबत घेऊन आली. मला वाटलं होतं, एकटी येईल.